तौबा आणि पस्तावा : दोन शब्दांची कुळकथा

माळेगावच्या यात्रेत तोबा गर्दी होती, कंधारच्या उरुसात तोबा गर्दी होती, असे आपण मराठवाड्यातील माणसे सहज बोलून जातो. घरातील लेकराने काही वावगे केले, की वडीलधारी बाई गालांना हात लावून 'तोबा तोबा' म्हणते. एखाद्याने तंबाखू कायमची सोडली, तर 'त्याने तंबाखूची तोबा केली' असे आपण म्हणतो. नांदेडच्या बाजारात आणि लातूरच्या आडतीत हा शब्द हिंदूंच्या तोंडी आहे, तसाच मुसलमानांच्याही तोंडी आहे. मात्र गर्दीचे विशेषण झालेला हा शब्द मुळात कोणत्या अर्थाचा होता, तो आपल्याकडे कसा आला आणि त्याच्या शेजारी नांदणाऱ्या पस्तावा, अनुताप, दिलगिरी, नदामत या शब्दांशी त्याचे नाते काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात करावयाचा आहे. शब्दांचा इतिहास हा केवळ कोशकारांचा विषय नव्हे. आपण ज्या शब्दात चूक कबूल करतो, त्या शब्दावर चुकीनंतरचे आपले वागणेही काही अंशी अवलंबून असते.

पस्तावा

प्रथम घरच्या शब्दाकडे पाहू. 'पस्तावा' हा शब्द संस्कृत 'पश्चात्ताप' या शब्दाचे मराठीत झिजून आलेले रूप होय. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे दाह. कर्म करतेवेळी जे जाणवले नाही, ते मागाहून जाळू लागते, हा त्याचा मूळ अर्थ. 'अनुताप' या शब्दातही तोच 'तप्' धातू आहे. अंगातला ताप, साधूचे तप आणि चुकलेल्याचा अनुताप ही एकाच कुळातील भावंडे होत.

हिंदी-उर्दूत याच शब्दाचे 'पछतावा' झाले आणि मराठीत 'पस्तावा' झाले. हा फरक अपघाताने पडलेला नाही. प्राकृतातील 'छ' हा वर्ण हिंदीत टिकला, तर मराठीत बहुधा त्याचा 'स' झाला. हिंदीत पूछना, मराठीत पुसणे. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. हिंदीत मछली, मराठीत मासा. ज्यूल ब्लॉख या फ्रेंच विद्वानाने मराठी भाषेच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला (१९२०), त्यात मराठीच्या अशा वर्णपरिवर्तनांची पद्धतशीर मांडणी केलेली आहे. आमच्यासारख्यांच्या घरात आई 'पछतावा' म्हणते आणि शाळेत गुरुजी 'पस्तावा' म्हणतात, तेव्हा लेकराला वाटते की हे दोन भाषांतले दोन वेगळे शब्द आहेत. वस्तुतः एकच शब्द दोन वाटांनी घरी आलेला असतो.

नाते एवढ्यावर थांबत नाही. फार्सीत 'पस' म्हणजे मागे, नंतर. उर्दूत आपण 'पस-ए-पर्दा' म्हणतो, त्यातला हा 'पस' आणि संस्कृतातील 'पश्चात्' हे एकाच प्राचीन आर्य-इराणी मुळातून निघालेले शब्द आहेत.

दिलगिरी

फार्सीतून मराठीत आलेला या कुळाबाहेरचा एक शब्द म्हणजे 'दिलगिरी'. दिल म्हणजे हृदय आणि 'गीर' म्हणजे धरणारा, पकडणारा. हृदय आवळून धरणारी खिन्नता, असा त्याचा अर्थ. बहमनी काळापासून निजामाच्या राजवटीपर्यंत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, मराठवाड्याच्या कचेरीत प्रथम फार्सी आणि पुढे उर्दू नांदली. त्यामुळे असे शेकडो शब्द आपल्या बोलीत मुरले. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. तो चाळला तरी या देवघेवीचा विस्तार ध्यानात येतो.

मात्र दिलगिरीचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मुळात काळीज आवळणारा हा शब्द आज मराठीत औपचारिक झाला आहे. वर्तमानपत्रात छपाईची चूक झाली, की खाली दोन ओळींत दिलगिरी व्यक्त होते. ती व्यक्त करताना कोणाचे काळीज आवळले जात असेल, असे वाटत नाही.

इंग्रजीतील 'रिमॉर्स' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ 'पुन्हा चावणे' असा आहे. आपणही म्हणतोच, की 'त्याचे मन त्याला खाते'. जळणे, आवळणे, चावणे, अशी वेदनेची चित्रे निरनिराळ्या भाषांनी या एका भावनेसाठी वापरली. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. माणूस जागच्या जागी आहे आणि त्याला काहीतरी होत आहे. तो स्वतः काही करीत आहे, असे यातील एकही शब्द सांगत नाही.

तौबा

आता 'तौबा' या शब्दाकडे वळू. मराठीत त्याचे 'तोबा' झाले. मौका या शब्दाचा मोका, मौसिम या शब्दाचा मोसम व्हावा, त्यातलाच हा प्रकार. (घोड्याच्या तोंडाला बांधतात तो 'तोबरा' मात्र वेगळा. तो पिशवी या अर्थाचा फार्सी शब्द असून तौबाशी त्याचा संबंध नाही.)

तौबा हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ 'परतणे' असा आहे. त्यात जळणेही नाही आणि चावणेही नाही. चुकीच्या वाटेने गेलेला माणूस थांबतो, वळतो आणि मागे चालू लागतो, एवढेच चित्र त्यात आहे. परतणे या अर्थाचे जवळचे धातू हिब्रूत आणि अरामी भाषेतही आहेत, आणि यहुदी लोक पश्चात्तापास 'तेशुवा' म्हणतात तोही परतणे याच अर्थाने. अरबीत हा धार्मिक अर्थ अरामीतून आला, असे आर्थर जेफरी यांचे मत आहे. कुरआनातील परभाषीय शब्दांवरील त्यांचा ग्रंथ १९३८ साली आपल्या शेजारी बडोद्यासच प्रसिद्ध झाला. अशा शब्दांची गणना करण्याचे काम मुसलमान विद्वानांनीही पूर्वीच केलेले होते. इमाम सुयूती (मृत्यू १५०५) यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

कुरआन शरीफमध्ये हे क्रियापद दोघांसाठी येते. बंदा अल्लाहकडे परततो तीही तौबा, आणि अल्लाह कृपेने बंद्याकडे वळतो तीही तौबा. फरक केवळ पुढे येणाऱ्या अव्ययाचा आहे. अल्लाहच्या नावांपैकी 'तव्वाब' हे नाव याच धातूपासून बनलेले आहे. नवव्या सूरहचे नाव 'तौबा' असून तिच्यात १२९ आयती आहेत. तबूकच्या मोहिमेत (इ. स. ६३०) सबळ कारण नसता मागे राहिलेल्या तिघांचा उल्लेख या सूरहमध्ये आहे. त्यांपैकी हजरत काब बिन मालिक यांची हकीकत हदीसच्या ग्रंथांत सविस्तर आली आहे. इतर अनेकांनी पैगंबरसाहेबांपुढे सबबी सांगितल्या. काब यांनी सबब सांगितली नाही, खरे ते सांगितले. पन्नास दिवस त्यांच्याशी कोणी बोलले नाही आणि त्यानंतर त्यांची तौबा कबूल झाली. सबब सांगणे आणि परतणे यांतला फरक यापेक्षा स्पष्ट करून दाखविणे कठीण.

नदीम आणि नादिम

आपल्या शाळांच्या हजेरीपटावर 'नदीम' हे नाव हमखास आढळते. नदीम म्हणजे सोबती, मैफलीतला मित्र. याच तीन मूळ अक्षरांपासून अरबीत 'नदम' म्हणजे खेद, आणि 'नादिम' म्हणजे खेद वाटणारा, असे शब्द झाले. उर्दूतील 'नदामत' तीच.

नदामत आणि तौबा यांचे नाते नाजूक आहे. नदामत ही तौबाच होय, अशा आशयाची हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. परंतु सूरह माइदामध्ये आदम (अलैहिस्सलाम) यांच्या दोन मुलांची कथा येते, तीत भावाचा खून करणारा भाऊही 'नादिम' झाला असेच म्हटलेले आहे. एक कावळा जमीन उकरताना त्याने पाहिला आणि आपल्याला कावळ्याएवढेही सुचू नये याची त्याला लाज वाटली. तो हळहळला, पण परतला असे मात्र तेथे सांगितलेले नाही. म्हणून उलेमांनी नदामत हा तौबाचा मोठा आधार मानला, पण तिच्याबरोबर आणखी काही अटी सांगितल्या. इमाम नववी (मृत्यू १२७७) त्या अशा सांगतात: गुन्हा तत्काळ सोडणे, त्याचा खेद वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. जर तो गुन्हा दुसऱ्या माणसाच्या हक्काशी संबंधित असेल, तर चौथी अट लागू होते. ज्याचे जे घेतले असेल, ते त्याला परत करावे लागते.

खुलताबादचा साक्षीदार

ही चौथी अट मराठवाड्याच्या मातीशी फार जवळून जोडली गेलेली आहे. दिल्लीचे सूफी हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकींतील संभाषणे त्यांचे मुरीद अमीर हसन सिज्जी यांनी टिपून ठेवली. १३०८ ते १३२२ या काळातील या नोंदी 'फवाइद-उल-फुआद' या नावाने पाच भागांत ग्रंथबद्ध झाल्या. हसन हे फार्सीचे नामवंत कवी आणि अमीर खुस्रो यांचे मित्र. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी हलविली, तेव्हा दिल्लीचे अनेक विद्वान आणि सूफी दख्खनेत आले. हसनही आले ते कायमचेच. त्यांची कबर आपल्या खुलताबादेस आहे.

या ग्रंथात तौबाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वर्तमानाची, भूतकाळाची आणि भविष्याची. वर्तमानाची तौबा म्हणजे झाल्या गोष्टीची लाज वाटणे. भविष्याची तौबा म्हणजे पुन्हा त्या वाटेला न जाण्याचा निश्चय. भूतकाळाची तौबा म्हणजे ज्याचे नुकसान केले त्याचे समाधान करणे. एखाद्याचे दहा दिरहम कोणी बळकावले असतील आणि तो नुसता तौबा तौबा म्हणत बसला, तर ती तौबा नव्हे. ते दहा दिरहम परत करून त्याला राजी करणे ही तौबा, असा औलियासाहेबांच्या सांगण्याचा आशय आहे. कोणाला वाईट बोलला असेल तर त्याची माफी मागावी, असेही ते सांगतात.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. जिभेवरची 'तोबा तोबा' ही काही आजची खोड नाही. सातशे वर्षांपूर्वीही ती होती, तिच्यावर दिल्लीत बोट ठेवले गेले आणि ते टिपून ठेवणारा माणूस आपल्या मराठवाड्यात चिरनिद्रा घेत आहे.

शेजारची साक्ष

हा विचार एकाच समाजाचा आहे, असे कोणी समजू नये. पैठणच्या एकनाथ महाराजांनी १५७३ साली काशीत 'एकनाथी भागवत' पूर्ण केले. त्यात अनुतापाची थोरवी पुन्हा पुन्हा सांगितलेली आहे. सव्विसाव्या अध्यायातील पुरूरवा राजाची कथा तर अनुतापाचीच कथा होय. नाथांच्या दृष्टीने अनुताप म्हणजे हात जोडून रडणे नव्हे. त्याने माणसाची चालती वाट बदलली पाहिजे.

लातूर-नांदेडच्या जैन बांधवांत 'प्रतिक्रमण' नावाचा विधी आहे. या शब्दाचा अर्थही मागे फिरणे असाच आहे, आणि ही गोष्ट तौबाचा अर्थ जाणणाऱ्यास चकित करणारी आहे. संवत्सरीच्या दिवशी ते एकमेकांची क्षमा मागतात. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन परंपरांनी एकाच भावनेसाठी एकच चित्र निवडावे, यात माणसाच्या अनुभवाची काही खूण असली पाहिजे.

उर्दू साहित्यातही हा विषय आलेला आहे. कुरआनात 'तौबतन नसूहा', म्हणजे खरी, निर्भेळ तौबा, असा शब्दप्रयोग आहे. नसूह ज्या धातूपासून बनला, त्याचा एक अर्थ कापड शिवणे असाही अरबी कोशकार देतात. फाटलेले शिवते ती तौबा, असे त्याचे स्पष्टीकरण काहींनी केले आहे. पुढे हैदराबाद संस्थानात अधिकारी झालेले डेप्युटी नजीर अहमद (मृत्यू १९१२) यांनी १८७० च्या दशकात 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी लिहिली. दिल्लीत कॉलऱ्याची साथ येते, नसूह नावाचा गृहस्थ मरणाच्या दारातून परततो आणि घरादाराला वळण लावू पाहतो. धाकटी मुले वळतात. थोरला कलीम मात्र हाती लागत नाही. स्वतः वळणे एक वेळ सोपे, पण आपल्या चुकीने जे बिघडले ते सुधारणे अवघड, हे या कथेतून उमगते.

एका घरातील गोष्ट

शेवटी पुस्तकाबाहेरची एक गोष्ट सांगतो. मुंबईहून हाजी लोकांची जहाजे सुटत असत, त्या काळातील ही गोष्ट आहे. आमचे आजोबा कंधार तालुक्यातील शेतकरी होते. हजला जाण्याचे ठरले, तेव्हा रिवाजाप्रमाणे ते घरोघर जाऊन 'कहा-सुना माफ करो' असे म्हणू लागले. कधी काही बोललो असेन, ऐकविले असेन, ते माफ करा, असा त्याचा अर्थ. सारे गाव 'माफ किया' म्हणाले. अखेरीस ते लातूरकडे दिलेल्या आपल्या थोरल्या बहिणीकडे गेले. ती आपा भिंतीला टेकून सुपात ज्वारी निवडीत होती. तिने मान वर केली नाही. ती म्हणाली, "कहा-सुना तो माफ किया मियाँ, पन खेत कहने-सुनने की चीज नईं."

वडिलांच्या मागे नऊ एकर रान राहिले होते. एक भाऊ आणि एक बहीण. शरियतीप्रमाणे तीन एकर तिचे होते. लग्नात दागिने दिले, दर ईदला चोळी-बांगडी केली, तेव्हा हिशेब फिटला, असे आजोबांनी मनाशी धरले होते. गावातील इतर घरांतही तसेच धरीत असत. तीस वर्षांत आपाने कधी शब्द काढला नव्हता. माहेर तुटू नये म्हणून बहिणी बोलत नसतात.

आजोबा त्या वर्षी हजला गेले नाहीत. वडील सांगत, की आठ दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. नंतर ते तलाठ्याकडे गेले, फेरफार करून घेतला आणि विहिरीच्या बाजूचे तीन एकर आपाच्या नावे लावले. गावात कुरकूर झाली, कारण दुसऱ्या घरांतील बहिणीही विचारू लागल्या. पुढल्या वर्षी आजोबा जहाजात बसले, तेव्हा त्यांना पोहोचवायला आपा मुंबईपर्यंत गेली होती. ते तीन एकर आजही तिच्या नातवांच्या सातबाऱ्यावर आहेत.

आजोबांना फार्सी येत नव्हती, 'फवाइद-उल-फुआद' हे नावही त्यांनी कधी ऐकले नसेल. पण पहिले आठ दिवस त्यांना जे झाले तो पस्तावा, आणि नवव्या दिवशी ते तलाठ्याकडे चालत गेले ती तौबा, असे मला वाटते. दोन्ही शब्द आवश्यक आहेत. पहिल्यावाचून दुसरा शब्द कोरडा राहतो. दुसऱ्यावाचून पहिला शब्द आजाऱ्याच्या तापासारखा येतो आणि उतरतो.

मराठवाड्याला हे दोन्ही शब्द वारशाने मिळाले आहेत. ज्या भागात संस्कृतातून आलेला पस्तावा आणि अरबीतून आलेली तौबा एकाच वाक्यात शेजारी बसतात, तेथील विद्यार्थ्यांनी दोहोंचा अर्थ जाणून घ्यावा, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही. वर्गात सोबत्याची वही परत न केलेल्या मुलापासून बहिणीचा हिस्सा दाबून बसलेल्या गृहस्थापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी 'तोबा' हा शब्द केव्हा ना केव्हा येतोच. पुढल्या वेळी तो तोंडी येईल, तेव्हा आपल्याकडून कोणाचे काही परत जावयाचे राहिले आहे काय, एवढे वाचकांनी मनाशी पडताळून पाहिले, तर हा लेख लिहिल्याचे चीज झाले असे मी समजेन.